हरानचा चंद्र आणि यादीतला इंद्र

पहिला दिवस, शनिवार : उर्फा

“अब्ला, अब्ला,” म्हणत तो पोरगा ताईच्या बॅगेला हात घालायला गेला आणि ताईने बॅग झटकन मागे ओढली. “अबला कुणाला म्हणतोय हा? अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा माझी बॅग मी उचलते म्हणावं.” तुर्की भाषेत ‘अब्ला’ म्हणजे थोरली बहीण, ताईच, हे मला विमानात वाचलेल्या शब्दांच्या यादीमुळे ठाऊक होतं. सांगितल्यावर ताई हसली आणि बॅग त्याच्या हाती दिली. पुढचे चार दिवस तो आमची गाडी चालवणार होता, आणि तेवढे दिवस ताईला दोन्ही भाषांत ताईच म्हणणार होता.

या प्रवासाचा मार्ग म्हणजे आम्हा दोघी बहिणींतला तह होता. मला गोबेक्लीतेपे बघायचं होतं, माणसाने बांधलेलं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं मोठं पूजास्थान म्हणून गाजलेलं. ताईला हत्तुशा बघायचं होतं. ती तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवत होती. वर्गात वैदिक देवतांचा विषय निघाला की एक गोष्ट सांगायचीच: तुर्कस्तानात बोआझकोय नावाच्या गावी, म्हणजे जुन्या हत्तुशात, मातीच्या विटा सापडल्या, त्यावर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार, अशी चार नावं आहेत. “तीस वर्षं सांगितलं, जागा एकदा डोळ्यांनी बघते,” एवढंच तिचं म्हणणं. नकाशावर दोन्ही ठिकाणं बरीच लांब. मधे हरान आणि नेम्रुत डोंगर घातले की वाट जुळत होती.

संध्याकाळी बालिक्लीगोल या तळ्यावर गेलो. दगडी कमानींच्या मधोमध हिरवं पाणी आणि त्यात एकमेकांवर चढणारे काळसर गलेलठ्ठ मासे. गोष्ट अशी की नेम्रूद राजाने इब्राहिमला आगीत टाकलं, तेव्हा आगीचं पाणी झालं आणि लाकडांचे मासे झाले. म्हणून हे मासे कुणी खात नाही. खाल्ले तर दृष्टी जाते. लोक वाडग्यातून दाणे विकत घेऊन टाकत होते आणि पाणी उकळल्यासारखं फसफसत होतं. ताई म्हणाली, “प्रल्हाद.” मला महाडजवळचं वाळणकोंड आठवलं. तिथेही डोहातले मासे देवीचे, त्यांना कुरमुरे घालायचे, धरायचे नाहीत.

पण या तळ्याची खरी मजा गोष्टीच्या मागे आहे. उर्फाचं जुनं नाव एडेसा. इथे अतरगातिस नावाच्या सीरियन देवीची पूजा चाले आणि मासे हे त्या देवीचं पवित्र धन. पुढे एडेसा ख्रिस्ती झालं. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची ख्रिस्ती यात्रेकरू बाई इथे आली, तिनेही माशांनी भरलेली तळी पाहून लिहून ठेवली. आता काठावर मशीद आहे. मासे तेच, धनी बदलत गेले.

जेवायला मसुरीचं सूप मिळालं. ताई शाकाहारी, तिची काळजी मला होती, पण ‘मेर्जिमेक चोर्बासी’ म्हणजे लिंबू पिळलेलं मसुरीचं पातळ वरणच. सोबत आयरान, म्हणजे ताक. “मीठ जरा जास्त आहे,” म्हणत दोन पेले संपवले.

दुसरा दिवस, रविवार : गोबेक्लीतेपे

सकाळी साडेसातला निघालो. गाव संपलं की उघडे, चुनखडीचे, पिवळट डोंगर लागतात, अधूनमधून पिस्त्याची झाडं. उर्फापासून पंधराएक किलोमीटर. ‘गोबेक’ म्हणजे पोट किंवा बेंबी, तेव्हा या टेकडीला आपल्याकडे कुणी ‘ढेरीची टेकडी’ म्हटलं असतं. तिकीटघरापासून छोटी बस वर नेते आणि शेवटी एका भल्यामोठ्या पांढऱ्या छपराखाली आपण लाकडी पुलावरून गोल फिरत खाली बघतो.

मी फोटो इतके पाहिले होते की निराशा होईल अशी मनाची तयारी होती. झाली नाही. खाली वर्तुळाकार भिंती, भिंतींत बसवलेले टी आकाराचे खांब आणि मधोमध दोन सर्वांत उंच खांब समोरासमोर. सर्वांत मोठ्या वर्तुळातले हे मधले खांब साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास दुमजली घराएवढे. नीट पाहिलं की कळतं हे खांब नव्हेतच, माणसं आहेत. टीची आडवी दांडी हे डोकं. अंगावर बाजूने कोरलेले लांब हात, बोटं पोटाशी आलेली, कमरेला पट्टा, पट्ट्याखाली कोल्ह्याचं कातडं. चेहरा मात्र नाही. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही.

ताई बराच वेळ कठड्याला टेकून होती. मग म्हणाली, “चेहरा काढता येत नव्हता असं नाही. तो कोल्हा बघ किती नेमका काढलाय. यांना चेहरा द्यायचाच नसणार.”

काळाचा हिशेब इथे डोक्यात बसत नाही. सर्वांत जुनी वर्तुळं इ.स.पू. 9500च्या सुमाराची. मोहेंजोदडोच्या विटा भाजायच्या आधी सात हजार वर्षं. मडकी नव्हती, धातू नव्हता, चाक नव्हतं, बैल गाडीला जुंपणं सोडा, पाळलेलाच नव्हता. इथे सापडलेली हाडं हरणांची, रानगाईंची, रानडुकरांची, धान्य रानटी. आणि तरी गारगोटीच्या हत्यारांनी दहा टनांच्या घरातले दगड कोरून, ओढून, उभे केले. शेजारच्या खाणीत सात मीटर लांबीचा एक खांब अर्धवट कोरलेला अजून तसाच पडला आहे. काम का थांबलं, तडा गेला की मुकादम बदलला, देव जाणे. कुठला देव, हाच तर प्रश्न.

1963 साली इस्तंबूल आणि शिकागो विद्यापीठांच्या पाहणीत ही टेकडी नोंदली गेली होती, पण वर आलेल्या दगडांची टोकं मध्ययुगीन थडग्यांची असावीत असं समजून सोडून दिली. 1994मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट इथे आले. त्यांनी आधी नेवाली चोरी या जवळच्या स्थळी काम केलेलं असल्यामुळे टी आकाराचे खांब त्यांच्या ओळखीचे होते. पाटी वाचता येणाऱ्याच्याच नजरेला पाटी पडते. पुढच्या वर्षी खणायला सुरुवात झाली आणि 2014मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हेच करत राहिले.

श्मिट यांचं म्हणणं गाजलं ते असं: आधी देऊळ आलं, मग गाव. शाळेत आपण उलट शिकलो. शेती आली, धान्य साठलं, रिकामा वेळ मिळाला, मग पुरोहित आणि देवळं. श्मिट म्हणाले, नाही. शिकारी टोळ्या लांबून लांबून इथे पूजेला जमत, एवढ्या माणसांना खायला घालायचं म्हणून धान्याकडे लक्ष गेलं. याला जोड अशी की लागवडीच्या एकदाणी गव्हाचे सर्वांत जवळचे रानटी भाऊबंद इथून पूर्वेच्या काराजादाग डोंगरावर सापडले, असं 1997च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. जत्रेतून शेती! आमच्यासारख्यांना कल्पना आवडणारच. पंढरपूर आधी, भाकरी नंतर.

पण नंतरच्या खोदकामात चौकोनी घरं मिळाली, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या मिळाल्या, हजारो जाती-पाट्यांचे दगड मिळाले. म्हणजे इथे लोक राहतही असावेत. निव्वळ जत्रेचं ठिकाण, घर एकही नाही, हे चित्र आता टिकत नाही. मला वैयक्तिक विचाराल तर देऊळ आणि घर यांतली भिंत आपणच फार जाड केली आहे. आजीच्या स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याला खणून काढणारा तज्ज्ञ पूजास्थान म्हणेल की स्वयंपाकघर?

एका खांबापाशी, ज्याला क्रमांक 43 दिला आहे, आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. त्यावर पंख पसरलेलं गिधाड, त्याच्यापाशी एक गोळा, खाली विंचू आणि अगदी तळाशी डोकं नसलेला माणूस. इथे माणसांच्या कवट्यांचे तुकडेही मिळालेत, मुद्दाम खोल चरे पाडलेले. मृतांचं काहीतरी चाललं होतं एवढं नक्की. पक्षी येतो आणि मेलेल्याचं काहीतरी घेऊन जातो, हे बघताना दहाव्याच्या दिवशी घाटावर कावळ्याची वाट पाहत उभे असलेले आम्ही सगळे डोळ्यांपुढे आले. संबंध जोडत नाही. साडेअकरा हजार वर्षांचा पूल टाकायला माझ्याकडे दगड नाहीत. आठवलं, म्हणून लिहिलं.

दुपारी उर्फाच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. इथला ‘उर्फाचा माणूस’ बघाच. माणसाच्या आकाराचा जगातला सर्वांत जुना पुतळा असं त्याला म्हणतात, उंची साधारण 1.8 मीटर, डोळ्यांत ज्वालामुखीची काळी काच. 1993 साली बालिक्लीगोलजवळच सापडला. म्हणजे आम्ही काल जिथे माशांना दाणे टाकत होतो तिथे अतरगातिसच्याही आधी साडेआठ-नऊ हजार वर्षं कुणीतरी कुणाला तरी उभं केलं होतं. याला डोळे आहेत, नाक आहे, तोंड मात्र नाही. अंधाऱ्या दालनात एकटाच उभा. ताई त्याच्यासमोर गेली आणि नकळत तिचे हात जुळले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “सवय.”

तिसरा दिवस, सोमवार : हरान

ताईचा सोमवार. साबुदाणा कुठून आणणार? खजूर, अंजीर आणि पिस्ते यांवर उपास ठरला. बादशाही उपास.

उर्फापासून दक्षिणेला 44 किलोमीटर, सीरियाची हद्द तिथून फार लांब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत कापूस. अतातुर्क धरणाचं पाणी आल्यापासून हे पठार कापसाचं झालं. पांढरी बोंडं बघून यवतमाळच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटलं, फक्त ऊन कोरडं. नेवाली चोरी, ज्यामुळे श्मिटना खांब ओळखता आले, ते याच धरणाच्या पाण्याखाली 1992मध्ये गेलं. खांब उचलून संग्रहालयात नेता आले, गाव नाही.

हरान आता मातीच्या, उलट्या टोपल्यांसारख्या घुमटाच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. ही घरं दोनेकशे वर्षांपलीकडची नाहीत. खरं हरान त्यामागच्या उकिरड्यासारख्या दिसणाऱ्या टेकाडात आहे.

इथे चंद्रदेवाचं देऊळ होतं. देवाचं नाव सिन, देवळाचं नाव एहुल्हुल, म्हणजे आनंदाचं घर. मेसोपोटेमियात चंद्राचं मूळ ठाणं दक्षिणेला ऊर शहरात. हरान हे उत्तरेकडचं. व्यापाराच्या वाटा इथे एकमेकींना छेदत आणि चंद्राला साक्षी ठेवून राजे तह करत. बायबलमधला अब्राहामही ऊरहून निघून हरानला थांबतो. ज्या गोष्टीत एकाच देवाची सुरुवात सांगितली आहे, त्या गोष्टीतले दोन्ही मुक्काम चंद्राच्या गावचे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

इ.स.पू. 610मध्ये शहर पडलं, देऊळ उद्ध्वस्त झालं. आणि मग येते या गावची खरी नायिका: अदाद-गुप्पी. बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस याची आई. तिचा शिलालेख इथेच मिळाला, आणि कसा मिळाला ते ऐका. इथल्या मोठ्या मशिदीच्या दारात पायऱ्यांना जुने दगड वापरले होते. 1956 साली ते उलटवले तर खालच्या अंगाला राजाची आणि त्याच्या आईची कहाणी. शतकानुशतकं लोक तिच्या पाठीवर पाय देऊन नमाजाला जात होते.

लेखात ती म्हणते की देव रागावून गेला, तेव्हापासून मी तलम लोकर नेसले नाही, दागिने घातले नाहीत, अत्तर लावलं नाही, देव घरी परत यावा म्हणून रात्रंदिवस विनवलं. चौपन्न वर्षं देऊळ ओस होतं. शेवटी मुलगा राजा झाला, त्याच्या हातून देऊळ पुन्हा उभं राहील असं देवाने स्वप्नात सांगितलं. ती शंभरी ओलांडून जगली. नजर चांगली, कान चांगले, हातपाय धड, जेवण अंगी लागतं आणि चौथी पिढी डोळ्यांनी पाहिली, असं सगळं तिच्या तोंडी आहे.

मी हे वाचून दाखवत होते, ताई मशिदीच्या पडक्या भिंतीच्या सावलीत अंजीर खात ऐकत होती. “व्रत हे असं असतं,” ती म्हणाली. “मी दर सोमवारी दुपारपर्यंत चहासाठी तळमळते.”

मग मी तिला जरा चिडवलं. म्हटलं, तुझा हा सोमवारच मुळात कुठून आला माहितीये? वेदांत तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, पण सात ग्रहांचे सात वार नाहीत. ते पश्चिमेकडून, ग्रीक ज्योतिषाबरोबर आले. भारतातल्या शिलालेखात वाराचा सर्वांत जुना पक्का उल्लेख मध्य प्रदेशात एरणच्या स्तंभावर, इ.स. 484चा, आणि तो गुरुवार. आणि हरान हे ग्रहपूजेचं शेवटचं नांदतं गाव. भोवती सगळे ख्रिस्ती आणि मग मुसलमान झाले तरी इथले लोक अकराव्या शतकापर्यंत ग्रहांना भजत राहिले. नवव्या शतकात खलिफा मामूनने विचारलं, तुमचा धर्म कोणता? कुराणात संरक्षण दिलेल्या लोकांत ‘साबिअन’ असं एक नाव होतं, ते कुणाचं हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. हरानकरांनी ते उचललं, अशी कथा आहे. याच लोकांतला थाबित इब्न कुर्रा बगदादला जाऊन मोठा गणिती झाला.

ताई शांतपणे म्हणाली, “म्हणजे मी आज माहेरी आल्ये.”

संध्याकाळी परतताना षष्ठीची कोर कापसावर आली होती. ताईने गाडी थांबवायला लावली आणि तिथेच उपास सोडला, आयरानवर.

चौथा दिवस, मंगळवार : नेम्रुत दाग

पहाटे निघालो. आमचा सारथी घरी कुर्दी बोलतो हे आज कळलं. कंटाळा घालवायला ताईने त्याला आकडे म्हणायला लावले. “येक, दू, से, चार, पेंज, शेश, हेफ्त, हेश्त, नेह, देह.” ताई पुढच्या सीटवर मागे वळून माझ्याकडे बघत होती, जणू पोरगा बोर्डात आलाय. “ऐकलंस? सप्तचा हेफ्त. आपल्या सचा यांच्याकडे ह होतो. आपला बँकेचा हप्ता तो हाच, सातांचा.” पुढचा तासभर गाडीत एक ते शंभरची उजळणी चालली होती.

अदियामान शहर लागलं. फेब्रुवारी 2023च्या भूकंपात इथे फार माणसं गेली. रस्त्यालगत मोकळे भूखंड आणि एकसारख्या नव्या इमारती. गाडीत कुणी काही बोललं नाही.

काहतामध्ये जेवून दुपारी वर. डोंगर 2,100 मीटरहून उंच, शेवटचा टप्पा पायी. वारा असा की ताईने पदर, स्वेटर, शाल असं सगळं एकावर एक घेतलं. शिखरावर बारीक दगडांचा पन्नासएक मीटर उंचीचा ढीग आणि त्याच्या पूर्वेला नि पश्चिमेला सिंहासनावर बसलेल्या देवांच्या मूर्ती, मूळच्या आठ-नऊ मीटर उंच. धडं जागेवर, मुंडकी खाली जमिनीवर मांडलेली.

हे कोम्माजेने नावाच्या चिमुकल्या राज्याचा राजा अंतिओखस पहिला याचं काम, इ.स.पू. पहिलं शतक. बापाकडून इराणच्या सम्राट दारयवौशाचं रक्त सांगायचा, आईकडून सिकंदराच्या सरदारांचं. म्हणून देवही दोन्ही घरचे, एकाच मूर्तीत. एकाचं नाव झ्यूस-ओरोमास्देस, म्हणजे ग्रीकांचा झ्यूस आणि इराण्यांचा अहुर मझ्द. दुसरा अपोलो-मिथ्रास-हेलिओस-हर्मीस. तिसरा हेराक्लिस-अर्ताग्नेस-आरेस. आणि या सगळ्यांच्या पंगतीत राजा स्वतः.

ताई मिथ्रासच्या मुंडक्यापाशी खाली बसली. टोकदार इराणी टोपी, नाक जरा झिजलेलं, चेहरा मात्र ग्रीक पोराचा. “हा मित्र,” ती म्हणाली. “आणि तो अर्ताग्नेस म्हणजे वेरेथ्रघ्न. वृत्रघ्न. वृत्राला मारणारा.” आपल्याकडे हे इंद्राचं विशेषण. गंमत अशी की अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, इंद्र हे नाव राक्षसांच्या यादीत गेलं आणि त्याचं विशेषण मात्र स्वतंत्र देव होऊन राहिलं. तोच पुढे इथे हेराक्लिसच्या अंगात शिरून ग्रीक गदा घेऊन बसला.

सिंहासनांच्या पाठी ग्रीक लिपीत लांबलचक लेख आहे. त्यात राजाने नेमून दिलंय की माझा जन्मदिवस आणि राज्याभिषेकाचा दिवस, वर्षातून एकदा तर साजरा कराच, शिवाय दर महिन्याच्या त्या तारखेला पण करा, पुरोहितांनी इराणी वेश घालावा, आलेल्यांना पोटभर जेवण द्यावं. दर महिन्याला वाढदिवस! आमच्या चौकातल्या फ्लेक्सवरच्या युवा नेत्यांना हे अजून सुचलेलं नाही, कृपया कुणी सांगू नये. दीडेकशे वर्षांतच रोमने राज्य गिळलं. 1881 साली एका जर्मन इंजिनिअरने हे देव पुन्हा जगाच्या नजरेस आणेपर्यंत पंगत वाऱ्यातच बसलेली होती.

सूर्य मावळताना पश्चिमेच्या मुंडक्यांवर तांबूस उजेड येतो, त्यासाठी शेसव्वाशे लोक जमले होते. उजेड आला, सगळ्यांनी फोन वर केले, उजेड गेला. उतरताना माझा गुडघा दुखावला.

पाचवा दिवस, बुधवार

बस. सकाळपासून रात्रीपर्यंत, अंकाराला. गुडघ्याला पट्टा. बसमधला पोरगा दर दोन तासांनी चहा आणि हातावर लिंबाचं कोलोन देतो, त्याचा वास अजून पिशवीला आहे. आमच्या सारथ्याने निरोप देताना ताईचा हात हाती घेऊन कपाळाला लावला. ताईने त्याला राखीपौर्णिमेची तारीख कळवायचं कबूल केलं.

सहावा दिवस, गुरुवार : अंकारा

गुडघ्यामुळे फक्त अनातोलियन संस्कृतींचं संग्रहालय. चाताल्होयुक या अश्मयुगीन गावची बसलेली बाई पाहिली, दोन्ही हातांखाली दोन बिबटे, 1961 साली धान्याच्या कणगीत सापडलेली. तळहातावर मावेल एवढीशीच. तिला ‘मातृदेवी’ म्हणायची घाई पूर्वी फार झाली. आता अभ्यासक जपून बोलतात, कुलवंत म्हातारी बाईही असेल म्हणतात. ताईचं मत: “कणगीत ठेवली होती ना? मग झालं. म्हातारी काय, देवी काय, घरातल्या धान्यावर नजर तिचीच.”

सातवा दिवस, शुक्रवार : हत्तुशा

अंकारापासून सुमारे दोनशे किलोमीटर. बोआझकाले गाव, म्हणजे ताईचं बोआझकोय, नाव बदललंय. पोहोचायच्या आधीच्या रात्री आमच्या कुटुंबाच्या गटावर मितन्नी या उत्तर सीरियातल्या जुन्या राज्याबद्दल एका काकांचा संदेश आला होता: मितन्नीचा राजा तुश्रत्त म्हणजेच दशरथ, तेव्हा तिकडे रामराज्य होतं, पुढे पाठवा. ताईने रात्री साडेअकराला चष्मा लावून उत्तर टाइप केलं: “दशरथ नव्हे. त्वेषरथ, म्हणजे ज्याचा रथ वेगाने झेपावतो. आणि प्रजा हुर्री भाषा बोलत होती.” गटावर शांतता.

हत्तुशा, म्हणजे प्राचीन हित्ती राज्याची राजधानी, उतारावर पसरलंय, सहाएक किलोमीटरचा तट. सिंहांचं दार, स्फिंक्सचं दार, आणि येरकापी नावाच्या बुरुजाखालून आरपार जाणारा 71 मीटरचा दगडी बोगदा, ज्यात ताई गेली आणि मी गुडघा धरून बाहेर बसले. खाली मोठ्या देवळाच्या पायाचे दगड तेवढे शिल्लक आहेत. एका कोपऱ्यात हिरवा, गुळगुळीत, चौकोनी धोंडा, कशाचा ते ठरलेलं नाही. लोक हात लावून इच्छा मागतात.

इथे 1906पासून ह्यूगो विंकलर यांनी खणलं आणि विटांचा साठा हाती आला. हित्ती राजांचं दप्तर. ती भाषा तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. 1915मध्ये ह्रोझ्नी या चेक पंडिताने एका वाक्यावरून कुलूप उघडलं: ‘भाकरी खाल आणि पाणी प्याल’, त्यात पाण्याला शब्द ‘वाटर’. पण ताईची वीट बाबिलोनकडच्या अक्कादी भाषेतली, म्हणून आधीच वाचली गेली.

देवळाच्या उंबऱ्यावर बसून तिने वही काढली. विटेवर आहे तो एक तह, इ.स.पू. चौदाव्या शतकातला. हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाझ. शत्तिवाझच्या बापाचा, म्हणजे त्याच तुश्रत्ताचा, खून झालेला. पोरगा हित्तींच्या आश्रयाला आला, त्यांचा जावई झाला आणि हा करार करून गादीवर बसला. कराराला साक्षी दोन्हीकडचे देव. मोडलास तर हे देव तुझा सत्यानाश करतील.

“वर्गात मी चारच नावं सांगायचे,” ताई म्हणाली. “पूर्ण यादी निघायच्या आधी उतरवून घेतली.” आणि तिने वाचायला घेतलं. मितन्नीच्या बाजूने पहिला मान वादळाच्या देवाचा. मग चंद्र, सूर्य. मग हरानचा चंद्र.

“सोमवारचा,” मी म्हटलं.

“सोमवारचा.” ती पुढे वाचत गेली. आकाश, पृथ्वी, कुठल्या कुठल्या गावांचे वादळदेव. खूप खाली गेल्यावर मित्र, वरुण, इंद्र, नासत्य. मग आणखी इतर. तीस वर्षं जी चार नावं फळ्यावर एकटी उभी असायची, ती इथे गर्दीत, मधेच कुठेतरी होती. ताईचा चेहरा मी बघत होते. उतरला नाही. उलट ती जरा मोकळी झाल्यासारखी वाटली. “बरं झालं. साक्षीदार म्हणून बोलावलं तर सगळ्यांबरोबर रांगेतच उभं राहायचं असतं.”

इथेच मिळालेल्या दुसऱ्या ग्रंथात मितन्नीचा किक्कुली नावाचा माणूस घोडे कसे तयार करावेत ते सांगतो. मजकूर हित्ती, पण फेऱ्यांचे शब्द: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ. ताई मोठ्याने म्हणाली आणि मंगळवारच्या गाडीची दोघींनाही आठवण झाली. तिथे हेफ्त, इथे सत्त. सचा ह झालेला नाही. म्हणजे हे शब्द इराणी फांदीचे नव्हेत, आपल्या फांदीचे. ही माणसं भारतातून इकडे आली, असा मात्र याचा अर्थ होत नाही. मध्य आशियाच्या बाजूला एकत्र असलेल्यांतली एक तुकडी घोडे घेऊन पश्चिमेला गेली, दुसरी पूर्वेला, हे बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं. काकांना पटणार नाही.

शेवटी याझिलिकाया, दीड-दोन किलोमीटरवर. उघड्या खडकांच्या दोन दालनांत भिंतींवर कोरलेल्या देवांची मिरवणूक, साठाहून जास्त. डावीकडून देव, उजवीकडून देवी, मधे वादळाचा तेशुब आणि हेपात समोरासमोर. अरुंद दालनात बारा देव एका ओळीत, सगळ्यांची पावलं एका तालात, लेझीम पथकासारखी.

पहारेकरी निवांत होता, पर्यटक आम्ही दोघीच. त्याने फोनवरच्या भाषांतरयंत्रातून विचारलं, कुठून? “हिंदिस्तान.” मग अभिमानाने सांगितलं की हित्ती लोक आपल्या देशाला हजार देवांचा देश म्हणत, परके देव सुद्धा घरात घेत. तुमच्याकडे किती?

ताई म्हणाली, “ऋग्वेदात तेहतीस. एका ऋचेत तीन हजार तीनशे एकोणचाळीस. लोक म्हणतात तेहतीस कोटी.”

मी शेवटचाच आकडा यंत्रात घातला. त्याने पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, शून्यं बोटाने मोजली, आणि यंत्र बिघडलंय समजून फोन आमच्या हातात परत दिला, पुन्हा टाइप करा म्हणून.